खालची ओळ

मायाप्पा कोळेकर फ्लेक्स खालून वर वाचत. सोलापुरात कुठल्याही चौकात आभाळाच्या आधी फ्लेक्स दिसतो. वर नेत्याचा फोटो, त्याखाली ज्याचा वाढदिवस आहे त्याची धडभर छबी, आणि तळाला 'शुभेच्छुक' या शब्दाखाली डोक्याला डोके भिडवून बसवलेली तोंडे. आपण वरून सुरुवात करतो आणि सिग्नल सुटला की मधेच सोडून देतो. कोळेकर स्कूटर कडेला लावत, हेल्मेट काढून हँडलला अडकवत आणि तळाच्या ओळीपासून सुरुवात करत. वाचताना त्यांचे बोट हवेत फिरे. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवून थकत, पण ओळ पुरी झाल्याशिवाय साहेब हलत नसत.

ते गुन्हे शाखेत जमादार होते. हुद्द्याचे खरे नाव याहून लांब आहे, पण कोर्टात आणि भवानी पेठेत सगळे त्यांना जमादारच म्हणत. उंच, काळेकुळीत, मिशा दोन्हीकडे सारख्या कापलेल्या. डाव्या भुवईच्या बरोबर मधोमध एक फट होती. सांगोल्याकडच्या माळावर लहानपणी मेंढरे राखताना एडक्याने शिंग मारले, त्याची ती खूण. कुणी शिक्षण विचारले की ते त्या फटीवर बोट ठेवत. "बाकीच्यांनी कालेजात पदवी घेतली, आमी एडक्याकडनं घेतली. कागद न्हाय, पन पुसली जात न्हाय."

मी फौजदारी वकील. बचावाच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे पोलिसांवर प्रेम करायचे माझ्या धंद्यात बसत नाही. तरी कोळेकरांचे लिहायला बसले आहे, कारण त्यांच्यावर दुसरे कुणी लिहील असे वाटत नाही. खात्याला त्यांची लाज वाटत होती आणि गुन्हेगारांना त्यांची भीती उरली नव्हती. अशा माणसाचे चरित्र विरोधी पक्षाच्या वकिलानेच लिहावे लागते.

ते टोळ्यांचे तज्ज्ञ कसे झाले, ती हकीकत खात्यात आवडीने सांगितली जायची. बाहेरून बदलून आलेल्या एका वरिष्ठ साहेबांनी विचारले, इथल्या टोळ्यांची रचना काय? कोळेकर म्हणाले, "साहेब, जीप काढा, दावतो." साहेबांना त्यांनी चौकात उभे केले आणि एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून अख्खी टोळी उलगडून दाखवली. गॉगल घातलेला तो मारामारीला पुढे. मोबाइल कानाला लावून फोटो काढलेला तो निरोप्या. हात जोडून उभा तो उद्या निवडणुकीला उभा राहणार. "आनि मोठा फोटो हाय त्याच्याकडं बगूच नगा. कळपाच्या म्होरं शेळी चालती. मेंढरं तिच्या मागनं जात्यात. धनगर कुटं असतोय? धनगर मागं असतोय." साहेब खूश झाले. त्यांनी अशी विद्या कधी पुस्तकात वाचली नव्हती, आणि पुस्तकात नसलेली गोष्ट खरी असणार अशी त्यांची श्रद्धा होती.

त्यानंतर कोळेकरांची व्याख्याने सुरू झाली. पोलीस मुख्यालयात नवीन शिपायांना रांगेत बसवून पडद्यावर फ्लेक्स दाखवले जात आणि कोळेकर हातातल्या छडीने ओळी समजावत. त्यांची दोन वाक्ये शिपायांना तोंडपाठ होती. पहिले, "तोंड बगू नगा, जागा बगा." दुसरे, "वरची ओळ म्हंजी फांद्या, खालची ओळ म्हंजी मुळं. झाड उपटायचं असंल तर मुळाला हात घाला." एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे, की हा सगळा थापेचा कारभार नव्हता. त्यांनी या पद्धतीने खरोखरच काही बदमाश हुडकले होते. माणूस पूर्ण चुकीचा असता तर त्याला वेळीच कुणीतरी थांबवला असता. कोळेकर बऱ्याचदा बरोबर असत, तिथेच घोटाळा झाला.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती राजूअण्णाच्या खटल्यात. राजूअण्णा यंत्रमागवाल्यांकडून खंडणी उकळायचा. त्याला आणि त्याच्या माणसांना मोक्का लागला, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, ज्यात जामीन मिळणे म्हणजे सोलापुरात मे महिन्यात थंडी वाजणे. त्या आरोपींत शेवटचा होता श्रीनिवास. भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा, घरात तेलुगू, बाहेर मराठी बोलणारा, गणपतीत लेझीम खेळणारा पोरगेला माणूस. सगळे त्याला सीनू म्हणत. त्याचे वकीलपत्र माझ्याकडे होते. त्याच्याविरुद्ध एकही मागवाला बोलला नव्हता. त्याच्याकडे काही सापडले नव्हते. पुरावा एकच. राजूअण्णाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, खालच्या ओळीत, त्याचे तोंड होते.

सीनूचे म्हणणे, मी या फ्लेक्ससाठी फोटो दिलाच नाही. मागे आमच्या लेझीम मंडळाचा फ्लेक्स केला होता, तेव्हा दिला होता. हे सिद्ध कसे करायचे, हे त्यालाही माहीत नव्हते आणि मलाही. तो तुरुंगात बसून होता. त्याची आई लक्ष्मम्मा विड्या वळायची आणि सुटी मिळाली की माझ्या ऑफिसच्या जिन्यात येऊन बसायची. आत ये म्हटले तर यायची नाही. तिने माझ्याजवळ एकदाच केस मांडली, आणि तेवढ्या थोडक्यात ती मला पुढे कधीच मांडता आली नाही. "बाई, माझा पोरगा फोटोत हाय. गुन्ह्यात न्हाय."

सरकारी वकिलांनी टोळीचे तज्ज्ञ म्हणून कोळेकरांना साक्षीला बोलावले. मी लगेच हरकत घेतली. हस्ताक्षर ओळखणारा तज्ज्ञ मला मान्य आहे, बोटांचे ठसे जुळवणारा मान्य आहे, पोटात कुठले विष गेले ते सांगणारा मान्य आहे. पोलिसाने पाहिलेले-ऐकलेले सांगावे. 'टोळी अशी असते, म्हणून हा टोळीतला' हे मत त्याने द्यायचे नाही. शिवाय ज्या खात्याने आरोप ठेवला त्याच खात्याचा माणूस तज्ज्ञ म्हणून आणणे म्हणजे नवऱ्यामुलाच्या मावशीला स्थळाची चौकशी करायला पाठवणे. मी बराच वेळ बोलले. कोळेकर पिंजऱ्यात उभे राहून शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर ते न्यायाधीशांना नम्रपणे म्हणाले, "साहेब, पोलिसांचं कुत्रं वास घेऊन मानूस दावतंय, तर कोरट त्याची नोंद घेतं. मी तर बोलतोय की."

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी ते वाक्य उच्चारले, ज्यावर आपली सगळी न्यायव्यवस्था उभी आहे. "हरकत नोंदवली आहे. साक्ष हरकतीच्या अधीन राहून घेऊ. निर्णय निकालाच्या वेळी." माझ्या कित्येक हरकती अशा निकालाच्या वेळेची वाट बघत कपाटांत म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांत आणखी एक गेली.

मुद्देमालातला फ्लेक्स आणला गेला. चौकातून उतरवून गुंडाळून ठेवलेला तो फ्लेक्स टेबलावर मावेना, म्हणून शिपायाने तो कोर्टाच्या फरशीवर अंथरला. कडा सारख्या गुंडाळल्या जात होत्या. त्याने चारही कोपऱ्यांवर कायद्याची जाड पुस्तके ठेवली. त्या पुस्तकांचा इतका थेट उपयोग झालेला मी त्या दिवशीच पाहिला. राजूअण्णाचे डोके न्यायाधीशांच्या बाजूला, तळाची ओळ माझ्या पायांशी, आणि कोळेकर बाजूच्या पिंजऱ्यात. त्यांना सगळे आडवे दिसत होते, पण त्यांचे अडत नव्हते. ते जागेवरून बोलत होते. अमक्या जागेचा तो वसुलीवाला, तमक्या जागेचा तो गाडी चालवणारा, आणि खालच्या ओळीत डावीकडून तिसरा, म्हणजे सीनू, तो माल हलवणारा. सरकारी वकील समाधानाने खाली बसले.

मी उलटतपासणीला उठले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हते. जे सुचले ते विचारत गेले.

"खालच्या ओळीतला प्रत्येक माणूस टोळीतला?"

"प्रत्येक."

"एखादा चुकून आला असेल?"

"म्याडम, कळपात चुकून कायबी नसतंय."

"तुम्ही ही तोंडं नीट पाहिलीत?"

"तोंड बगायचं कारनच न्हाय. तोंड फसवतंय. जागा फसवत न्हाय."

पुढचा प्रश्न काय विचारावा म्हणून मी खाली पाहिले. माझ्या चपलेजवळ ओळीच्या उजव्या टोकाला एक गुलाबी, गोरापान माणूस होता. फ्लेक्सवाले सगळ्यांनाच गोरे करतात. आपल्याकडे वाढदिवसाला रंग उजळून देणे हा शिष्टाचार आहे. याला तर इतका उजळला होता की तो एखाद्या पेढीचा शेटजी वाटत होता. पण मिशा दोन्हीकडे सारख्या कापलेल्या होत्या, आणि डाव्या भुवईच्या मधोमध एक फट होती. रंग बदलणाऱ्याला ती फट बुजवायचे सुचले नव्हते.

मी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "या ओळीत उजव्या टोकाला जो आहे, तो कोण?"

"टोकाचा? त्यो राखनदार." कोळेकरांना विषयाची गोडी लागली होती. "कळपाच्या कडंला कुत्रं असतंय बगा, तसा. ह्यो बोलत न्हाय, म्होरं येत न्हाय, पन ह्याच्याबिगर कळप हालत न्हाय. असल्या मानसाला पोलीस खात्यातली आतली खबर असती."

"मग याला आरोपी का केलं नाही?"

"घावला न्हाय अजून. शोध चालू हाय."

न्यायाधीशांनी हे शब्द टंकलेखकाला सांगून लिहून घेतले. मी म्हटले, "साहेब, साक्षीदाराने जरा खाली येऊन त्या माणसाची डावी भुवई बघावी."

कोळेकर पिंजऱ्यातून उतरले. फ्लेक्सच्या तळाशी गुडघे टेकून बसले आणि खिशातला चष्मा काढून त्यांनी डोळ्यांना लावला. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला आणि तिथेच राहिला. न्यायाधीश खुर्चीतून अर्धे उठून वाकले होते. सरकारी वकिलांनी घाईने घड्याळाकडे पाहिले आणि दुपारच्या सुटीची वेळ झाल्याचे न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिले.

उलटतपासणी चालू असताना साक्षीदाराशी कुणी बोलू नये असा दंडक आहे. सरकारी वकिलांनी तो कँटीनच्या कोपऱ्यात हळू आवाजात पाळला. ऐकू येत नव्हते, पण त्यांचे हातवारे मला पाठ आहेत. तो फोटो माझा नाही, एवढेच म्हणा. गोऱ्या माणसाची आणि काळ्या माणसाची ओळख कोण पटवणार? कोळेकर डबा उघडून भाकरी खात होते. खात्याची इज्जत, त्यांचे व्याख्यान, त्यांचे नाव, सगळे एका 'नाही'वर वाचणार होते. आणि त्या 'नाही'बरोबर सीनू आत राहणार होता. मी नुसती पोळी मोडत बसले होते. तेवढ्यात कँटीनवाल्याने एका वाटीत शेंगाची चटणी आणून माझ्यासमोर ठेवली. "जमादारांनी दिलीय. मॅडम कोरडं खात्यात म्हनले." मी तिकडे पाहिले. ते पाहत नव्हते. ती चटणी खाल्ली तर तो साक्षीदाराशी संपर्क ठरतो का, याचा मी क्षणभर विचार केला आणि मग खाल्ली.

सुटीनंतर कोळेकर पिंजऱ्यात आले आणि प्रश्नाची वाट न बघता बोलले. "साहेब, त्यो फोटो माजा हाय."

न्यायाधीश म्हणाले, "मग तुमच्या मते तुम्ही या टोळीचे सदस्य आहात?"

"माजं शास्त्र खरं असंल, तर हाय. आनि मी टोळीत न्हाय ह्ये खरं असंल, तर शास्त्राला तितं भोक हाय. दोनीतलं कायबी लिवा, पन दोनी लिवू नगा." मग त्यांनी फरशीवरच्या फ्लेक्सकडे बोट केले. "दुसऱ्याचं मेंढरू कळपात शिरतंय, साहेब. धनगर त्याला वळकतो आनि बाजूला काढतो. मी काढलं न्हाय. मी तोंडंच बगितली न्हाईत."

पुढचे सोपे होते. जमादारांचे तोंड त्या ओळीत आले कुठून, हे विचारत मी फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि तिथल्या सलीमला साक्षीला आणला. तो म्हणाला, गिऱ्हाईक फोटो कमी देते, पण खालची ओळ रिकामी दिसली की बोंबलते. भाऊंच्या मागे माणसे नाहीत असे दिसते. "कम्प्यूटर में तोंडां पड़ेले रहते साहेब, उनों को डाल देते." लेझीम मंडळाच्या जुन्या फ्लेक्समधून सीनूचे तोंड कापून ठेवलेले होते. कोळेकरांचेही होते. त्यांना बढती मिळाली तेव्हा गावाकडच्या वस्तीने अभिनंदनाचा फ्लेक्स केला होता, त्यातले. सलीमच्या म्हणण्याप्रमाणे, भारदस्त मिशीवाल्या तोंडाला ओळीच्या टोकाला फार मागणी असते.

राजूअण्णाला मागवाल्यांच्या साक्षींवर शिक्षा झाली आणि सीनू सुटला. निकालपत्रात न्यायालयाने लिहिले, की साक्षीदाराने स्वतःच आपले मत डळमळीत केले असल्याने पोलीस अधिकारी हा टोळ्यांविषयी तज्ज्ञ साक्षीदार ठरू शकतो का, या बचाव पक्षाच्या हरकतीवर निर्णय देण्याची आवश्यकता उरलेली नाही. म्हणजे मी खटला जिंकले आणि माझी हरकत परत कपाटात गेली. कोर्टाच्या फाटकाशी कोळेकर एकटेच उभे होते. लक्ष्मम्मा मुलाचा हात धरून चालली होती, ती त्यांच्यासमोर थांबली. मला वाटले आता आभार मानते. ती म्हणाली, "तुमी आधी आरशात बघायचं होतं." जमादार म्हणाले, "व्हय, माय."

खात्याने त्यांना कंट्रोल रूममध्ये फोन उचलायला बसवले. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. सहकाऱ्यांनी त्यांचे नाव 'फरार' ठेवले. ते आले की कुणीतरी ओरडे, "घावला रं, घावला." ते मनावर घेत नसत. कुणी कसे आहात विचारले तर म्हणत, "माजा शोध चालू हाय."

निवृत्तीनंतर ते माझ्या ऑफिसात येऊन बसू लागले. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना विचारलेच. तो फोटो माझा नाही म्हणून सांगितले असते तर काय बिघडले असते?

त्यांनी भुवईवर बोट फिरवले. "म्याडम, मी न्हाय म्हनलो असतो, तर मग त्यो कोन, असं कोरटानं इचारलं असतं. साहेबांनी फर्मान काढलं असतं, हुडका. आमच्या खात्यात एकदा हुडकायला बसले की मानूस घावतोच. फाटक्या भुवईचा कुनीतरी गरीब हितं तितं हिंडत असंल की. त्याला आनला असता." मी आयुष्यभर पोलिसांची उलटतपासणी केली आहे. खात्याविषयी इतकी खरी साक्ष मला कुणी शपथेवर दिली नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि त्याचा रागही आला, कारण हेच ज्ञान त्याला आधी झाले असते तर बरे झाले असते.

त्यांनाही तेच टोचत होते. आधीच्या खटल्यांतल्या खालच्या ओळी त्यांना झोपू देत नव्हत्या. ते एकेक फ्लेक्स आठवून काढत आणि त्यातल्या तोंडांच्या घरी जात. कोण काय करतो, फोटो कुणी दिला, सगळे विचारत. "आता मी तोंड बगतो," ते म्हणायचे. "लई येळ लागतोय." बहुतेकांचे ठीक होते. एकाचे नव्हते. वळसंगचा एक टेम्पोवाला त्यांच्या साक्षीमुळे शिक्षा भोगत होता, आणि त्याचे तोंडही सलीमच्याच कॉम्प्युटरातून उचललेले निघाले. कोळेकर मला म्हणाले, "म्याडम, मी घातलाय, मीच काडतो. कागद करा."

त्याच्या अपिलात मी कोळेकरांचे प्रतिज्ञापत्र जोडले. माझे फ्लेक्सवरून टोळी ओळखायचे शास्त्र भरवशाचे नाही, असे त्यांनी शपथेवर लिहिले होते. उच्च न्यायालयात सरकारी वकील उभे राहिले आणि त्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, हा इसम तज्ज्ञ नाही. टोळ्यांच्या शास्त्राविषयी मत देण्याचा त्याला अधिकारच नाही. हस्ताक्षरतज्ज्ञ वेगळा, ठसेतज्ज्ञ वेगळा. माझेच भाषण, जवळजवळ माझ्याच शब्दांत. कोळेकरांचे तज्ज्ञपण माणसाला आत घालायला पुरत होते, बाहेर काढायला कमी पडत होते. न्यायालयाने प्रतिज्ञापत्र हरकतीच्या अधीन राहून दाखल करून घेतले. बाहेर आल्यावर कोळेकर म्हणाले, "हरकतीचा नंबर कदी लागंल?" मी म्हटले, निकालाच्या वेळी. ते म्हणाले, "तवर मी हाय न्हवं का, बगू की."

ते राहिले नाहीत. सांगोल्याला डाळिंबाच्या बागेत फवारणीच्या माणसाशी बोलता बोलता छातीत कळ आली आणि तिथेच बसले. मला सीनूचा फोन आला. तो परत मागावर कामाला लागला होता आणि गेली काही वर्षे रविवारी जमादारांच्या स्कूटरवर मागे बसून तोंडे शोधत हिंडायचा.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स सीनूनेच करायला टाकला. सलीमच्या कॉम्प्युटरात साहेबांचे तोंड होतेच. तेच गुलाबी, शेटजी दिसणारे. मंजुरीसाठी मोबाइलवर चित्र आले ते सीनूने कोळेकरांच्या बायकोला, हौसाबाईंना, दाखवले. त्यांनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि विचारले, "ह्यो कोन?" सीनूने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "माजा मानूस काळा व्हता. काळा करा त्याला." सलीमने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मुद्दाम काळे केले. त्याच दिवशी त्याचा मलाही फोन आला. "मॅडम, खाली की ओळ में तुमारा फोटो डालूं क्या? पूछे बगैर नहीं डालना बोलके सीनू बोला." मी टाका म्हणाले. माझी हरकत नव्हती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी चौकात जाऊन तो फ्लेक्स पाहिला. वर कोळेकर, त्यांच्या खऱ्या रंगात, फाटक्या भुवईसकट. खाली 'शोकाकुल' या शब्दापुढे ओळ. सीनू, कँटीनवाला, दोन निवृत्त हवालदार, लक्ष्मम्मा, टोकाला मी. मधे एक जागा रिकामी होती. सलीमने ती भरू का विचारले होते, तेव्हा सीनूने सांगितले होते की ती वळसंगच्या टेम्पोवाल्याची आहे, तो सुटल्यावर त्याला विचारून भरू. अपील अजून चालू आहे. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून खालून वर वाचत होते आणि मला रडू येत होते.

शेजारी एक मोटरसायकल थांबली. साध्या कपड्यातला तरुण पोलीस उतरला, मोबाइल काढून त्याने आधी खालच्या ओळीचा फोटो घेतला, मग बोटांनी मोठा करून एकेक जागा तपासली.

"कशाला हो?" मी विचारले.

"रेकॉर्डला लागतंय, मॅडम," तो अदबीने म्हणाला. "आमाला कोळेकर साहेबांनीच शिकवलंय. खालची ओळ सोडायची न्हाय."

मी म्हटले, तोंडे तरी नीट बघून घ्या. त्याने टोकाच्या बाईकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग मान हलवून मोबाइल खिशात घातला. सलीमने मला इतकी गोरी केली होती, की त्या पोलिसाने मला ओळखले नाही.